मी नाही जायचं

१० मार्च, दालियन

यानफंग,

‘प्रिय’ लिहायचं होतं, पण हात वळला नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून कागद घेतला. एका परीनं बरंच झालं. कागदावर मला प्रश्नचिन्ह काढता येतं आणि ते कुणालाही प्रश्नचिन्हच दिसतं. चिनी अक्षर तर माझं तुझ्यापेक्षा चांगलं आहेच, आम्ही जपानी लोक ते लहानपणापासून गिरवतो. तेव्हा वाचता आलं नाही ही सबब चालणार नाही.

तुझी आई काल नेहमीसारखी जेवायला आली होती. तू रिनला घेऊन चंग्दूला गेल्यापासून ती दर रविवारी येते, माझ्या हातच्या सुरमई भरून उकडलेल्या जियाओझना नावं ठेवते आणि ताटभर खाऊन जाते. आमचं दोघींचं बरं चाललं आहे. काल मी तिला विचारलं, रिन नववर्षालासुद्धा घरी का आली नाही, माझा फोन का उचलत नाही, मी पोरीचं काय बिघडवलंय.

आई लसणाची पाकळी चावत होती. चावता चावता म्हणाली, "कशी येईल? तिला टाकून तूच इथं राहिलीस ना. नाही जायचं म्हणालीस."

असं कोण म्हणालं, मी विचारलं. तर म्हणे यानफंगनं सांगितलं. आणि लिननं, माझ्या रिनला तुम्ही सगळे लिनच म्हणता, तर स्वतःच्या कानांनी ऐकलं, ती बाहेरच्या खोलीत होती.

माझं जेवण तिथंच संपलं. म्हणजे गेला ऑगस्ट सरल्यापासून माझी मुलगी असं धरून बसली आहे की तिच्या आईला तिच्याबरोबर यायचंच नव्हतं. निघताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मला वाटलं, मैत्रिणी सुटल्या म्हणून फुगली आहे. मी वेडी तिच्या बॅगेत खारवलेले प्लम भरत होते.

ती संध्याकाळ तुला आठवत नसेल तर मी आठवण करून देते. जेवताना तू सांगायला लागलास. चंग्दूला नवीन नोकरी, कंपनीचं घर, लिनसाठी शाळा बघून ठेवली आहे, पहिल्या तारखेपासून शाळा. तू ‘मी आणि लिन’ म्हणालास. मी थांबले. पुढं माझं नाव येईल म्हणून थांबले. तू शिंपली सोलून खात बसलास. मग मी विचारलं, "मी नाही जायचं?"

आणि तू शिंपलीवरची नजर न काढता म्हणालास, "नाही जायचं."

मी उठले आणि भांडी घासली. एकदा नाही म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारायचं नाही, हे जपानात मोजीतल्या आमच्या घरात मला शिकवलं आहे. नंतर तुझे शर्ट घड्या करून बॅगेत भरले तेही मीच. तू मला नको म्हणालास, हे मी गिळलं होतं. रडून, भांडून, कसंही का होईना, गिळलं होतं. पण मला नको म्हणून वर मीच नकार दिला असं माझ्या मुलीला सांगायचं, हे मी गिळणार नाही.

माझं मागणं एकच आहे. रिनला खरं सांग. बाकी तू तिकडे राहा, तिखटजाळ खा, कसाही राहा.

सावाको


२९ मार्च, दालियन

यानफंग,

पत्राला उत्तर पत्रानं द्यायचं असतं. तू आईच्या फोनवर बोलून पाठवलंस, म्हणजे तिनं ते माझ्यासमोर वाजवावं. तिनं वाजवलं. मोठ्या आवाजात, कारण तिला कमी ऐकू येतं. शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

तू म्हणतोस, "ती ‘वो बू छ्यू’, मी नाही जायचं, असं म्हणाली. शेवट सरळ खाली पाडला. याला आमच्या भाषेत नकार म्हणतात. तिला विचारायचं होतं हे मला स्वप्नात कळणार होतं?"

वा. लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर तू माझा उच्चार तपासायला बसलास. तोही दालियनचा माणूस! तुमच्या बोलण्याला कालवांचा वास येतो म्हणून सगळा चीन तुम्हाला हसतो, आणि तुम्ही मला स्वर शिकवणार.

तरीही तुझं म्हणणं मला उडवून लावता येईना. कारण ‘छ्यू’चा शेवट खाली पाडायला मी किती घाम गाळला आहे, हे माझं मला माहीत. जपानीत विचारायचं झालं की शेवटचं अक्षर वर उडवायचं, संपलं काम. मी चिनीतही तेच करायचे. आणि ‘छ्यू’ वर उडवला की त्याचं ‘जाणं’ राहत नाही, ‘नाला’ होतो. मी तुला विचारायचे, "आज बाजारात नाला?" आणि तू आणि रिन जमिनीवर लोळायचात. तेव्हा तुला मी काय विचारते ते बरोबर कळायचं, नाही का? तुझं आडनावही छ्यूच, स्वर सपाट धरला तर आडनाव, खाली पाडला तर ‘जा’. दवाखान्याच्या खिडकीपाशी मी तुझं नाव सांगितलं तर त्या बाईला वाटलं, मी तिला हाकलते आहे.

म्हणून तर लुआन बाईंकडे शिकायला गेले. आठवड्यातून दोनदा, औषधांच्या दुकानावरच्या त्या खोलीत. बाईंचा एकच घोष असायचा, "शेपूट खाली, सावाको, शेपूट खाली." माझं शेपूट त्यांनी इतकं खाली बसवलं की आता ते मारूनमुटकूनही वर जात नाही.

काल त्यांच्याकडे गेले ती भांडायलाच. जिना चढतानाच सुरुवात केली. बाईंनी शांतपणे चहा ओतला आणि म्हणाल्या, तेव्हा जसं म्हणालीस तसं म्हण. मी म्हटलं. त्यांनी पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, डोळे मिटून ऐकलं असतं तर मलाही नकारच वाटला असता.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला तो चहा भिंतीवर फेकावासा वाटला. चिनीत प्रश्न विचारताना शेपूट वर करायचं नसतं हे खरं, पण अख्खं वाक्य वर उचलायचं असतं. पडणारा स्वर पडतोच, पण उंचावरून पडतो. "पहिल्या मजल्यावरून पडणं वेगळं, तिसऱ्यावरून वेगळं," बाई म्हणाल्या. "तू तळमजल्यावरच पडलीस."

हे आधी का नाही सांगितलंत, मी म्हटलं. तर म्हणाल्या, ते पुढच्या वर्गात होतं, तू आली नाहीस. शेवटी ‘मा’ का नाही लावलंस, ‘मा’ लावलं की कुणालाही प्रश्न कळतो. मी म्हटलं, बाई, ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे तो ‘मा’ लावत बसतो का? तुम्हीच शिकवलं होतं, चकित झालेला माणूस ‘मा’ लावत नाही.

आणि पुढच्या वर्गात मी का गेले नाही? तूच म्हणालास म्हणून. "आता पुरे झालं, भाजी आणता येते ना तुला." मला अर्ध्यावर चढवून तूच शिडी काढून घेतलीस, आणि आता म्हणतोस, ही तळमजल्यावरून बोलली.

पण एक गोष्ट तू विसरतोस. मी काय बोलले ते सोड. त्यावर तू काय बोललास? ‘नाही जायचं.’ प्रश्न कळला नव्हता तर उत्तर कुणाला दिलंस?

सावाको


२० एप्रिल, दालियन

यानफंग,

तुझा दुसरा निरोप ऐकला. तू वकील व्हायला हवं होतंस, जहाजांची इंजिनं उगाच करत बसलास.

तर तुझं म्हणणं असं, की तू उत्तर दिलंच नाहीस. तूही विचारत होतास. मी ‘नाही जायचं’ म्हणाले, तू दचकून ‘नाही जायचं?’ असं विचारलंस, आणि मी काही न बोलता उठून भांडी घासायला गेले. याहून स्पष्ट उत्तर कोणतं, असं तुझं म्हणणं. वर आणखी: "जपान्यांना शेवट वर गेला तरच प्रश्न ऐकू येतो. त्याला मी काय करू?"

आई फोन खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. ती त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात होती, वर पंखा घरघरत होता, तिला आपलं कुणाचंच काही ऐकू आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तो खोटं बोलतोय. दुसऱ्यांदा मात्र मला ते म्हणवेना.

कारण मला माहीत नव्हतं, यानफंग. ही गोष्ट कागदावर लिहिताना मला माझीच चीड येते आहे. तू ते म्हणालास तेव्हा शेवट खाली पडला एवढंच माझ्या कानात आहे. तळमजल्यावरून पडला की तिसऱ्यावरून, हे माझ्या कानाला ठरवता येत नाही.

पुन्हा लुआन बाईंकडे गेले. त्यांना म्हटलं, माझी परीक्षा घ्या. त्या माझ्या पाठीमागं बसल्या, म्हणजे तोंड दिसू नये, आणि एकेक वाक्य म्हणू लागल्या. तो जेवतो. तो जेवतो? पाऊस थांबला. ती विकते? प्रश्न वाटला की मी हात वर करायचा. नाणं उडवून हात वर केला असता तरी तेवढेच बरोबर आले असते. बाईंनी कागदावर काहीतरी खूण केली आणि कागद दुमडून ठेवला, म्हणजे मला दिसू नये. त्यांच्या त्या दयेचा मला राग आला.

या देशात इतकी वर्षं राहिले, या भाषेत मूल वाढवलं, आणि माझ्याच भांडणात मला साक्ष देता येत नाही.

आठवतं, मी नवी होते तेव्हा तुझी आई माझ्याशी महिनाभर अबोला धरून बसली होती? ती काही सांगायला लागली की मी दर वाक्याला ‘शृ मा’, म्हणजे ‘हो का’, म्हणायचे. आमच्याकडे समोरचा बोलत असला की ‘हो का’ म्हणायची रीत, विचारायला नव्हे, मी ऐकतेय एवढं सांगायला. तिला वाटायचं, सून माझ्या शब्दाशब्दावर संशय घेते. तेव्हा मध्ये पडून तू दोघींना समजावलंस. किती हसलो होतो आपण. तेव्हा माझ्या प्रत्येक चुकीमागं काय आहे ते तुला बोलायच्या आधी कळायचं. नेमकं त्याच संध्याकाळी कळेनासं झालं?

चार दिवस मी स्वतःला समजावत होते. म्हटलं, असेल बाबा त्याचं खरं. दोघांनी विचारलं, दोघांनी नकार ऐकला, दोघं मानी. तसं असेल तर दोष निम्मा माझा, आणि मी तुला इतकं वाईटसाईट लिहिलं त्याची माफी मागायला हवी. माफीचं पत्र अर्धं लिहिलंसुद्धा. मग हात थांबला. तुझं खरं असू शकतं, हीच गोष्ट मला झोंबते आहे. खोटेपणाचा राग सहन होतो, पण रागावायचं की नाही हेच कळत नसलं की माणूस आतल्या आत करपतो.

तेव्हा माफी नाही. आणि शिव्याही नाहीत. ज्याला नीट ऐकू येतं अशा कुणीतरी ते ऐकलं होतं. बाहेरच्या खोलीत.

सावाको


१२ मे, दालियन

यानफंग,

रिनला यात ओढायचं नाही असं मी ठरवलं होतं. बारा वर्षांच्या मुलीला आईबापांच्या मध्ये उभं करायचं नसतं, हे मला तुझ्याकडून शिकायला नको. पण तिला तू आधीच उभं केलं आहेस. ती त्या संध्याकाळपासून तिथंच उभी आहे, पाठ माझ्याकडे करून.

ती रविवारी आजीला फोन करते तेव्हा मी एरवी उठून गॅलरीत जाते. काल गेले नाही. आईनं फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "लिन, तुझ्या आईला एक विचारायचंय. फोन ठेवलास तर माझ्याशी गाठ आहे."

मी तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. रिनलाच विचार. मी जपानीत बोलले, म्हणजे माझ्या स्वरांचा घोळ नको.

"त्या दिवशी जेवताना मी जे म्हणाले ते तू ऐकलंस ना?"

"ऐकलं." आवाज कोरडा. तुझ्यासारखा.

"त्यावर बाबा काय म्हणाले, तेही ऐकलंस?"

"‘नाही जायचं’ म्हणाले."

"जसं म्हणाले तसं म्हणून दाखव. चिनीत."

तिनं म्हटलं. मला काहीच फरक कळला नाही. मी डोळे मिटले, श्वास रोखला, तरी ते माझ्यासाठी नुसतं खाली पडलेलं एक अक्षर होतं. मग मी तिला सरळ म्हटलं, "मला ऐकू येत नाही ग ते. तूच सांग. बाबा विचारत होते की सांगत होते?"

ती हसली. इतक्या महिन्यांनी मी तिचं हसणं ऐकलं. म्हणाली, "आई, एवढंही कळत नाही तुला? सांगत होते."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! बाबा विचारत असते तर मला कळलं असतं ना. तुझंच कधी कळत नाही, तू विचारतेस की सांगतेस. बाबांचं कळतं."

मला कितीतरी बोलायचं होतं. पण मी जीभ दातांखाली धरली. आईनं मागं नळ बंद केला.

रिनचा आवाज हळू झाला. ती स्वतःशीच जुळवत होती, गणित सोडवताना पुटपुटते तशी. "पण तू येत नाही म्हणालीस, तर त्यांनी विचारायला हवं होतं. का म्हणून तरी विचारायला हवं होतं. मी असते तर विचारलं असतं. त्यांनी नुसतं ‘नाही जायचं’ असं सांगितलं..." आणि थांबली. मग म्हणाली, "आई, तू विचारलं होतंस?"

"हो."

"आणि बाबांना ते कळलं होतं."

हे तिनं विचारलं नाही. एवढं मलाही ऐकू आलं.

त्यानंतर ती रडली आणि मीही रडले, ते तुला सांगायचं कारण नाही. आईनं फोन काढून घेतला, रिनकडून सगळं चिनीत ऐकून घेतलं, नाक ओढलं, आणि तुला अशी एक शिवी दिली की ती मी लिहिणार नाही, ती तिच्या तोंडूनच ऐक. मग मला म्हणाली, "तुझ्या बोलण्याला मी इतकी वर्षं हसले. माझाच कान फुटका निघाला. पोटच्या पोराचं खोटं ओळखलं नाही." मी म्हटलं, आई, तुम्ही स्वयंपाकघरात होतात. तर म्हणाली, "त्या दिवशी होते. नंतर फोनवर तर मीच ऐकत होते ना."

तुला मी नको होते तर तसं म्हणायचं होतंस. कंटाळा येतो माणसाला. शाळेतल्या सभेत माझ्या शेजारी बसून दर वाक्याला दुभाष्याचं काम करायचा, दुकानदार हसला की मान खाली घालायचा कंटाळा आला असेल, मला दिसत होतं ते. तसं सांगितलं असतंस तर मी भांडले असते आणि शेवटी सही करून मोकळं केलं असतं. पण तुला बायकोही सोडायची होती आणि चांगलाही राहायचं होतं. म्हणून माझी चूक उचललीस आणि तिच्या आड जाऊन बसलास. माझं तोडकं बोलणं मी तुझ्यासाठी शिकले होते, यानफंग. तुझ्या आईशी बोलता यावं, तुझ्या मुलीला तुझी भाषा यावी, म्हणून. त्याच बोलण्यानं तू माझी मुलगी माझ्यापासून तोडलीस. याची माफी माझ्याकडे नाही. शोधूही नकोस.

जुलैत शाळेला सुटी लागली की रिन दालियनला येते आहे. हे तिनं ठरवलं आहे, तुझी परवानगी ती मागेल असं मला वाटत नाही. पुढं कुठं राहायचं तेही तीच ठरवेल.

फोन ठेवण्याआधी मी तिला सांगितलं, बाबांशी भांडू नकोस. ती म्हणाली, भांडणार नाही, फक्त एक विचारणार आहे. तू कामावरून किती वाजता येतोस ते तिला ठाऊक आहे. म्हणजे हे पत्र तुझ्या हाती पडेल तोवर तिनं तुला विचारून झालं असेल, आणि तू काहीतरी उत्तरही दिलं असशील.

काय दिलंस ते मला कळवू नकोस. विचारणारी या वेळी मी नव्हते. तिचा स्वर चुकत नाही.

सावाको